सत्तेचाळिसावा प्रश्न कुणाचा

शांताताई पागनीस काल्पनिक आहेत, हे त्यांना वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं, आणि तेही छापील.

ग्वाल्हेरला, जयेंद्रगंजात आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. आख्खी गल्ली त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते, वयानं आजी असल्या तरी. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन सदैव स्पीकरवर. आमची गॅलरी त्यांच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली आहे. यात माझा काही दोष नाही.

त्या दिवशी दुपारी वरून हाक आली. "अपर्णा! जरा वर ये गं. माझा चष्मा काहीतरी भलतंच वाचतोय."

अपर्णा म्हणजे माझी आई. आई गेली, मागोमाग मी. टेबलावर एका पुस्तकाची छापायच्या आधीची पानं पडली होती. ताईंचं शुद्धलेखन कडक, म्हणून मंडळानं तपासायला पाठवलेली. प्रस्तावनेतल्या एका परिच्छेदावर ताईंनी बोट ठेवलं आणि आई वाचायला लागली:

"कै. रघुनाथराव टोकेकर यांच्या वहीत एकशे बारा प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत. प्रश्न विचारणारी स्त्री आहे. ही प्रश्नकर्ती अर्थातच काल्पनिक होय. आपल्या प्राचीन शास्त्रकारांप्रमाणे रघुनाथरावांनीही स्वतःचे मत तावून घेण्यासाठी एक प्रतिपक्ष कल्पिला, आणि त्याला स्त्रीरूप देण्याची रसिकता दाखवली."

आई थांबली. ताई म्हणाल्या, "पुन्हा वाच. 'अर्थातच'पासून."

आईनं पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी नाहीच?"

"अहो ताई, तसं नाही हो..."

"छापलंय ना. मग सकाळी अर्धा लिटर दूध कुणासाठी घेतलं मी?"

आई हसली. मीही हसले. ताई हसल्या नाहीत. पानं सारखी करून त्यांनी त्यावर पाण्याचं भांडं ठेवलं, पंख्यानं उडू नयेत म्हणून, आणि कितीतरी वेळ त्या भांड्याकडेच बघत राहिल्या.

*

आता हे मंडळ काय ते सांगते. दाल बाजारात डाळीच्या एका गोदामावर मोठी खोली आहे. खाली तूर, वर वेदान्त. दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ आमचं तत्त्वमंडळ तिथे भरतं, पन्नासेक वर्षांपासून. पूर्वी बोलायचे ते रघुनाथराव. संस्कृतचे प्राध्यापक, आवाज खर्जातला, आणि 'जग मिथ्या' म्हटल्याबरोबर खालून डाळीचा भुसा यायचा नि अर्धी सभा शिंकायची. हे ताईंनीच मला करून दाखवलं आहे, शिंकांसकट.

पुरुषांना खुर्च्या, बायकांना मागे सतरंजी. असा नियम नव्हता म्हणे, खुर्च्याच कमी होत्या. व्याख्यान संपलं की शंका. पुरुष उभे राहून विचारायचे आणि इतिवृत्तात त्यांची नावं यायची, 'श्री. अमुक यांनी शंका उपस्थित केली.' बायका चिठ्ठी लिहायच्या. पितळेची एक ताटली सतरंजीवरून हातोहात पुढे जायची. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, हा मात्र नियम, आणि तो रघुनाथरावांनी मोठ्या मायेनं केला होता. "विचाराला नाव नसतं," ते म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. नाव घातलं असतं तर घरी सासूला कळलं असतं, दिराला कळलं असतं, आणि पुढच्या गुरुवारी सतरंजी रिकामी दिसली असती. बिननावाची चिठ्ठी म्हणजे बायकांना बोलायची सोयच होती. रघुनाथराव चिठ्ठ्या घरी नेत, वहीत उतरवून घेत, खाली उत्तर लिहीत, आणि चिठ्ठ्या टाकून देत.

शांताताई पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. नोकरी ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडून द्यायची. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. "हॅलो, ग्वालियर! इंदौर, बोलिए! तीन मिनट हो गए, बढ़ाऊँ?" अजूनही दारात कुणी फार वेळ उभं राहून बोललं की त्यांच्या तोंडून जातं, "तीन मिनट हो गए."

लग्न का नाही केलं, असं आईनं एकदा विचारलं होतं. "पाहायला यायचे गं. मी ड्यूटीवर असायचे. चहा पिऊन जायचे." एवढंच.

गुरुवारी मात्र त्या कधी ड्यूटी घ्यायच्या नाहीत. खराब झालेल्या ट्रंक पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठी लिहायच्या. आठवडाभर मनात घोळवून, आठ ओळींत बसवून. रघुनाथराव ती मोठ्यानं वाचायचे, मग चष्मा काढायचे. "चष्मा काढला की मी जिंकले," ताई म्हणतात. तीस वर्षं आठवड्यातून दोन तास कुणीतरी त्यांचं बोलणं इतकं नीट ऐकत होतं. पण रघुनाथरावांना ठाऊकच नव्हतं ते कुणाचं ऐकताहेत. जिन्यात भेटले तर म्हणायचे, "काय पागनीस, टेलिफोन ठीक ना?"

रघुनाथराव जाऊन अठरा वर्षं झाली. सतरंजीही गेली, आता प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, आणि खुर्च्यांवर माणसं कमी. त्यांचं घर रिकामं करताना वही सापडली आणि मंडळानं पुस्तक काढायचं ठरवलं. पुस्तकाचे संपादक डॉक्टर अपूर्व मसूरकर. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. मंडळात नवे, त्यांनी सतरंजी पाहिलेलीच नाही.

*

दुसऱ्या दिवशी ताई पानं पिशवीत घालून फूलबागेजवळ त्यांच्या घरी गेल्या. आल्यावर आईला सगळं दोन्ही आवाजांत करून दाखवलं. अपूर्व सरांचा आवाज त्यांना नीट जमत नाही. मी नंतर सरांना ऐकलंय, म्हणून इथे दुरुस्त करून लिहिते. ते दर वाक्य 'एका अर्थी'नं सुरू करतात आणि शेवट वर टांगून ठेवतात.

"एका अर्थी, ताई, हा प्रश्न पुराव्याचा आहे, नाही का...?"

"पुरावा कशाचा? मी आहे याचा?"

"नाही नाही! एका अर्थी, तुम्ही आहातच. पण वहीतलं अक्षर रघुनाथरावांचं. चिठ्ठ्या नाहीत. इतिवृत्तात नुसतं 'एका भगिनीने शंका विचारली'. एका अर्थी, शास्त्रग्रंथांत विचारणारा नेहमी कल्पितच असतो ना..."

"अठरावा प्रश्न काढा."

सरांनी काढला. ताई म्हणाल्या, "वाचा. मोठ्यानं."

अठरावा प्रश्न असा आहे: 'आपण म्हणता, साक्षी काही करत नाही, नुसता पाहतो. मी ट्रंकवर बसते. ग्वाल्हेरच्या माणसाला इंदूरचा माणूस जोडून देते आणि गप्प राहते. त्यांच्या बोलण्यात मी नसते. पण मी दोरी काढली की बोलणं मरतं. मग गप्प राहून जोडून ठेवणं, याला काहीच न करणं म्हणायचं का?'

"याच्यावर तुम्ही काय टीप लिहिलीय?" ताईंनी विचारलं.

सरांनी घसा खाकरला. "'रघुनाथरावांचा... दूरध्वनी केंद्राचा अभिनव दृष्टान्त.'"

"रघुनाथराव ट्रंकवर बसायचे का हो?"

सर लाल झाले म्हणे, कानापर्यंत. पण माणूस वाईट नाही. उठले, आत गेले, ताईंसाठी स्वतः चहा करून आणला, त्यात साखर विसरले, आणि म्हणाले, "ताई, मी मूर्ख आहे." या वाक्याच्या आधी 'एका अर्थी' नव्हतं.

चार दिवसांत नवी पानं आली. पहिल्याच पानावर मोठ्या टायपात: 'प्रश्न: शांता पागनीस. उत्तरे: रघुनाथराव टोकेकर.' प्रस्तावना आख्खी नवी. 'स्त्रियांचे चिंतन आपल्या परंपरेत कसे नाव न घेता गिळले गेले' यावर दोन पानं, आणि शेवटी: 'विशेषतः सत्तेचाळिसावा प्रश्न. या एका प्रश्नानंतर रघुनाथरावांच्या विचारांची दिशा ज्ञानाकडून सोबतीकडे वळली. हा प्रश्न विचारणाऱ्या शांताताईंचे स्थान...' वगैरे वगैरे.

ताईंनी गल्लीत कचोऱ्या वाटल्या. मी तीन खाल्ल्या. वर जाऊन त्या पेन्सिल घेऊन बसल्या. आता नाव आपलं लागणार, तर एकेक प्रश्न तपासून घ्यावा, म्हणून.

आणि तिथेच सगळं अडलं.

*

एकशे बारापैकी चौसष्ट त्यांचे होते. ते त्यांना लगेच ओळखू आले, काही तर शब्दन् शब्द पाठ. नऊ प्रश्न उपासाचे. उपास केल्यानं शरीर मिथ्या होतं का, आणि होत असेल तर साबुदाणा कशाला. ते लीलाताईंचे, ताईंच्या शेजारी बसायच्या त्या. सोळा प्रश्नांना 'अ, ब, क' असे पोटप्रश्न होते, ते उषाताईंचे. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आता हयात नाहीत. उरले तेवीस. ते कुणाचे, ताईंना आठवेना.

सत्तेचाळिसावा त्या तेविसांतला.

आई म्हणाली, "अहो, तुमचाच असेल. पन्नास वर्षं झाली, एखादा विसरतो माणूस."

"असेल," ताई म्हणाल्या. "माझाच असेल."

मग तीन दिवस वरून एकच आवाज. ताई तो प्रश्न मोठ्यानं वाचायच्या. एकदा हळू, एकदा भरभर, एकदा आपल्या एक्स्चेंजच्या आवाजात. नवा ड्रेस घालून बघतात ना आरशासमोर, मागून, बाजूनं, तसा. मलाही पाठ झाला. तो असा आहे:

'अंधारात दोरी सापासारखी दिसली, माणूस घाबरला. दिवा आला, दोरी कळली, भीती गेली. हे दर गुरुवारी ऐकते. पण दिवा आणायला एक जण गेला, तर तो येईपर्यंत घाबरलेल्याचा हात धरून कुणीतरी बसलं असेल. त्या बसणारीला साप दिसत होता की दोरी? साप दिसत असता तर ती पळाली असती. दोरी दिसत असती तर दिव्याची गरजच नव्हती. मग तिला काय माहीत होतं?'

खाली रघुनाथरावांच्या अक्षरात: 'उत्तर नाही. दोन गुरुवार विचार केला. नाही.'

चौथ्या दिवशी आई वर मुळ्याचे पराठे द्यायला गेली, मी दारातच. ताई म्हणाल्या, "अपर्णा, हा माझा नाही."

"कशावरून?"

"माझी आई जबलपूरला, माझ्या भावाकडे वारली. तुला सांगितलंय मी?"

आईनं मान हलवली, नाही.

"आठ दिवस आजारी होती. घाबरायची म्हणे फार. भाऊ म्हणत होता ये, मी म्हटलं रजा मिळत नाही. खरं तर मागितलीच नव्हती. मला आजाऱ्याजवळ बसता येत नाही गं. मग एक दिवस दुपारी जबलपूरचा कॉल आला, माझ्याच बोर्डावर. तिकडची ऑपरेटर म्हणाली, 'ग्वालियर, शांता पागनीस के लिए है। पार्टी को बुलाइए।' मी म्हटलं, 'पार्टी बोल रही है।'"

त्या पराठ्याच्या कडा तोडत राहिल्या.

"ज्या बाईनं हा प्रश्न विचारला ती कुणाचा तरी हात धरून बसलेली होती. नुसतं डोकं चालवून हे सुचत नाही. मी डोकंच चालवलं आयुष्यभर."

पराठे गार झाले.

*

लीलाताई इंदूरला मुलाकडे असतात. त्या रविवारी फोन लागला. स्पीकरवर, अर्थात.

"अगं शांतेऽ! जिवंत आहेस?"

"अजून आहे. छापून यायचंय फक्त. लीले, एक विचारायचंय. मंडळातल्या चिठ्ठ्या आठवतात तुला? साबुदाण्याच्या?"

"छे! मी कसली चिठ्ठ्या लिहितेय. मी आपली मिळतो म्हणून चहा प्यायला यायचे."

"नऊ आहेत तुझ्या. पुस्तकात नाव घालतोय."

"अजिबात नको हं! बाई गं! सुनेला कळेल सासूला डोकं होतं. मग उद्यापासून गॅसचं बिल, बँकेचं काम, सगळं माझ्या गळ्यात. चाळीस वर्षं बावळट राहून मिळवलंय हे सुख, तू घालवू नकोस."

ताई हसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचं हसू ऐकलं मी. मग त्यांनी सत्तेचाळिसावा वाचून दाखवला. लाइन कटली असं वाटलं मला.

"लीले?"

"ही मोरारवाली," लीलाताई म्हणाल्या. आवाज एकदम वेगळा, चेष्टेतला सूरच गेला. मोरार म्हणजे ग्वाल्हेरची छावणी, शहराच्या त्या टोकाला. "कोपऱ्यात बसायची. भिंतीला टेकून. वर्षभर आली असेल. तिचा दीर होता ना, लढाईवरून आलेला, भर दुपारी एकदम ओरडायला लागायचा, पलंगाखाली शिरायचा. ही त्याला धरून बसायची. मला जिन्यात सांगितलं होतं तिनं. साडेसातचा टेंपो असायचा तिचा, मोरारचा. शंका सुरू व्हायच्या आत उठायची."

"म्हणजे उत्तर..."

"कुठलं ऐकतेय ती! चिठ्ठी ताटलीत टाकायची नि जायची."

"रघुनाथराव दोन गुरुवार अडले होते गं या प्रश्नावर. तिला कळलंच नाही?"

"कसं कळणार?"

"नाव काय तिचं?"

"नाव कोण विचारतं गं तेव्हा. आपण मोरारवाली म्हणायचो."

"मला आठवतच नाही ती. चेहराही नाही."

"तुला कशी आठवेल, शांते? तू सतरंजीच्या पहिल्या ओळीत, नाक वर करून. रघुनाथराव चष्मा काढतात का ते बघत. तिनं वर्षभर तुझी पाठ पाहिली. तू मागे वळलीसच नाहीस कधी."

लीलाताई हे काही बोचायचं म्हणून बोलल्या नाहीत. पुढे गुडघ्यांवर पंधरा मिनिटं बोलणं झालं. पण गुडघ्यांवर ताई नुसतं "हं, हं" करत होत्या.

*

सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं. सकाळी ताई मंडळात गेल्या. तिथे अपूर्व सर आणि अध्यक्ष विक्रमसिंह जगदाळे. जगदाळे काकांची मराठी म्हणजे अर्ध्या वाक्यात हिंदीला जाऊन बसते आणि परत यायचं नाव घेत नाही.

"ताई, अब कशाला छेड़ता? सगळं सेट झालंय. ले लो न! कोण येणार आहे मोरारहून माँगने?"

"कुणी येणार नाही, म्हणूनच."

"एका अर्थी, ताई," अपूर्व सर म्हणाले, "लोकांना एक चेहरा लागतो. इतकी वर्षं एकही नाव नव्हतं, आता एक मिळालं. त्यातही 'हे माझे नाहीत, ते आठवत नाहीत' असं केलं तर... एका अर्थी, सगळंच पुन्हा धूसर होतं. आपली बाजूच कमकुवत होते, नाही का?"

ताई म्हणतात, हे त्यांना पटलं. अगदी खरं सांगायचं तर पटलं. शिवाय तो प्रश्न हवासा वाटत होता. चौसष्ट प्रश्नांत एकही तसा नव्हता.

"सत्तेचाळिसाव्याखाली एक ओळ घाला," त्या म्हणाल्या. "'विचारणारी मोरारहून येत असे. नाव आम्ही विचारले नाही.' आणि उरलेल्यांखाली, 'विचारणारी आठवत नाही.' उषाचे उषाच्या नावानं. लीलाचे... लीलाचे असू देत तसेच."

"बघतो," सर म्हणाले. प्रेसला फोनही केला त्यांनी. प्रेसवाला म्हणाला, पानं हलतील, तीन आठवडे लागतील. प्रकाशन गुरुवारी होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. "दुसऱ्या आवृत्तीत नक्की, ताई. शब्द देतो."

मंडळाच्या एकाही पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालेली नाही. हे सगळ्या ग्वाल्हेरला माहीत आहे.

*

प्रकाशनाला आई आणि मी गेलो. खोली भरली होती. खालून डाळीचा वास येत होता. ताईंना व्यासपीठावर खुर्ची, शाल, नारळ. त्या निळ्या काठाचं लुगडं नेसल्या होत्या आणि इतक्या ताठ बसल्या होत्या की शाल घसरत होती.

अपूर्व सर छान बोलले. खरंच छान. म्हणाले, "एका अर्थी, आपण तीस वर्षं एका बाईचं ऐकत होतो आणि तिला ऐकतोय हे आपल्याला ठाऊक नव्हतं." मग पान उघडून त्यांनी सत्तेचाळिसावा प्रश्न वाचला. पुढच्या ओळीतल्या एका काकांनी चष्मा काढला. "हा शांताताईंचा प्रश्न!" सर म्हणाले, आणि टाळ्या.

ताई उभ्या राहिल्या. त्या खोलीत, भरल्या सभेत, पन्नास वर्षांत त्या तोंडानं एक शब्द बोलल्या नव्हत्या. चहा हवा का, याला 'हो' सोडून.

"माझा नाही," त्या म्हणाल्या.

माइक सरांच्या हातात होता, मागच्यांना ऐकू गेलं नाही. कुणीतरी म्हणालं, "काय म्हणाल्या?" जगदाळे काकांनी माइक घेतला. "ताई म्हणताहेत की प्रश्न त्यांचा नाही! याला म्हणतात विनय! इसको कहते हैं संस्कार!"

केवढ्या टाळ्या. आधीपेक्षा जास्त.

ताई उभ्याच होत्या. हात वर केला, टाळ्या थांबाव्यात म्हणून. लोकांना वाटलं नमस्कार करताहेत. ते आणखी जोरात वाजवायला लागले. "विनय नाही हो हा," त्या म्हणाल्या. मला ओठांवरून कळलं. बाकी कुणी ओठांकडे बघत नव्हतं. मग त्या बसल्या.

नंतर पुस्तकांच्या टेबलापाशी सहीसाठी रांग लागली. ताईंनी पेन काढलं आणि पहिलं पान उघडलंच नाही. प्रत्येक प्रतीत त्या शोधून सत्तेचाळिसावा प्रश्न काढत होत्या आणि त्याखाली लिहीत होत्या, 'हा प्रश्न माझा नाही. विचारणारी मोरारहून येत असे. नाव आम्ही विचारले नाही.' अक्षर सुबक. एकेका प्रतीला बराच वेळ. रांगेतले कुरकुरत होते. आई म्हणाली, "ताई, हात दुखेल." त्या म्हणाल्या, "दुखू दे."

रात्री जेवताना आईचा फोन टिंगटिंग वाजत राहिला. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्या ओळींचा फोटो टाकला होता. वर लिहिलं होतं, 'केवढी ही निरहंकारी वृत्ती!' खाली जोडलेले हात, फुलं, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. सत्तावीस. मग ताईंचा मेसेज आला, 'ही निरहंकारी वृत्ती नसून वस्तुस्थिती आहे.' त्यावर एकतीस जोडलेले हात.

त्यानंतर ताईंनी ग्रुपवर काही लिहिलं नाही.

आता गुरुवारी त्या मंडळात जात नाहीत. पुस्तकाची एक प्रत पिशवीत टाकतात, दुपारचं ऊन उतरलं की ई-रिक्षा धरतात आणि मोरारला जातात. मी एकदा क्लासला जाताना त्यांना पाहिलं तिथे. सदर बाजारातल्या एका जुन्या घराच्या दारात उभ्या होत्या, पायरीवर एक बाई भेंडी चिरत होती.

"पचास साल पहले यहाँ कोई मराठी बहू थी? देवर फ़ौज से लौटा था, बीमार रहता था?"

"नाम क्या था, अम्मा?"

"नाम ही तो नहीं पूछा।"

बाईनं सुरी थांबवली, वर बघितलं, मान हलवली. ताई पुढच्या दाराकडे वळल्या. मी हाक मारणार होते. नाही मारली.

संध्याकाळी जिन्यात चपलांचा आवाज आला. आईनं दार उघडून विचारलं, "काही कळलं का, ताई?"

"नाही. सदर बाजारची डावी बाजू झाली," त्या म्हणाल्या, कठड्याला धरून, धापा टाकत. "उजवी राहिलीय."